मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय का?’ म्हणाले तर : वाळूज-चिकलठाण्याला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

२०१६ साली मी अंबाजोगाईहून पहाटेच्या एसटीने संभाजीनगरला (तेव्हाच्या औरंगाबादला) मुलाखतीला आले. बायकांना अर्धं तिकीट तेव्हा नव्हतं, ते २०२३ मध्ये सुरू झालं. त्यामुळे जाण्यायेण्याचे पैसे अण्णांनी मोजून दिले आणि स्टँडवर सोडताना एकच सांगितलं, “सायबाला लई उलट-सुलट इचारू नको, माय. देतेत ते घे.”

वाळूज आणि चिकलठाणा या इथल्या औद्योगिक वसाहती. त्यातल्या वाळूजमधली औषधांची कंपनी होती. टेबलापलीकडे तिघं बसलेले. टायट्रेशन, बफर, पीएच, मोलॅरिटी, सगळं विचारून झालं. उत्तरं बरी गेली. मग त्यातल्या वयस्कर साहेबांनी चष्मा काढून विचारलं, “तुला काही विचारायचंय का?” मी अण्णांचं ऐकलं. “नाही सर, काहीच नाही,” म्हणाले आणि फाइल छातीशी धरून उठले.

पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज आला त्यात कंपनीचं नावच नव्हतं. कुठल्या तरी एंटरप्रायझेसचं होतं. शेजारच्या टेबलावरच्या ताईंना दाखवलं, तर त्यांनी स्वतःच्या आयकार्डाची निळी पट्टी आणि माझी पिवळी पट्टी शेजारी-शेजारी धरली. तेव्हा कळलं, मी कंपनीत कामाला होते, पण कंपनीची नव्हते, ठेकेदाराची होते. सातव्या महिन्यात ठेकेदाराने ‘ब्रेक’ दिला, म्हणजे घरी बसवलं. “सर, नेमणूक कोणाच्या पेरोलवर (म्हणजे पगाराच्या यादीवर) असेल?” एवढं एक वाक्य त्या दिवशी बोलले असते तर हे आधीच कळलं असतं. कदाचित तरीही नोकरी घेतली असती, पण डोळे उघडे ठेवून.

आता मी दुसऱ्या कंपनीच्या क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये आहे आणि फ्रेशर्सच्या मुलाखतीला कधीकधी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. बीड, परभणी, हिंगोली, लातूर, कुठूनही आलेली पोरं-पोरी बहुतेक माझ्यासारखंच ‘नाही सर’ म्हणून उठतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

१. निघायच्या आधी, घरी बसून

ज्या गोष्टी मोबाइलवर दहा मिनिटांत कळतात त्या मुलाखतीत विचारू नका. “सर, तुमची कंपनी काय बनवते?” हा प्रश्न ऐकला की आम्ही मनातल्या मनात फाइल मिटवतो.

कंपनी काय बनवते, आणखी कुठे प्लांट आहे, एवढं तिच्या वेबसाइटवरून बघा. मग ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर जा. तिथे आस्थापना शोधायची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की तिच्या नावावर पीएफ भरला जातो का, कोणत्या महिन्यापर्यंत भरलाय आणि साधारण किती माणसांचा भरलाय, हे दिसतं. गेटवर चारशे माणसांची वर्दळ आणि पीएफ साठ जणांचा, असं दिसलं तर बाकीचे कोणाचे, हा प्रश्न तुम्हाला आपोआप सुचेल. कंपनी कधी नोंदली गेली ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर बघता येतं.

सगळ्यात खरी माहिती मात्र कॉलेजच्या सीनियरकडे असते. गावातलं, तालुक्यातलं कोणी ना कोणी बजाजनगरला खोली करून राहत असतंच. त्याला फोन लावा.

२. प्रश्न वहीत लिहा, आणि कोणाला विचारायचे ते ठरवा

प्रश्न नसतातच असं नाही. चुकीच्या माणसाला विचारले की ते वाया जातात. लॅबच्या हेडला बसचा रूट विचारला तर त्याला ठाऊक नसतो आणि तो वैतागतो. एचआरला, म्हणजे भरती-पगार बघणाऱ्या मॅडमला, लॅबमधल्या एचपीएलसी या तपासणीच्या यंत्राबद्दल विचारलं तर ती गोड हसून ‘हो हो, सगळं शिकायला मिळेल’ म्हणते.

म्हणून वहीच्या पानाचे तीन भाग पाडा. वर खातेप्रमुखासाठी, मध्ये एचआरसाठी, खाली गेटबाहेरच्या लोकांसाठी. हा तिसरा भाग कोणी सांगत नाही, पण माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावरच आहे.

३. खातेप्रमुखाला : रोजचं काम

इथे दोन प्रश्न पुरतात. तुम्हाला काम समजतं आणि ते शिकायची इच्छा आहे, हे त्यातून दिसलं पाहिजे.

आमच्या लॅबचंच उदाहरण घ्या. बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या नव्या माणसाला पहिले काही महिने सॅम्पलिंग, काचेची भांडी, रजिस्टर आणि लेबलं, एवढंच मिळू शकतं. काही ठिकाणी वर्ष सरलं तरी एचपीएलसीला हात लागत नाही, आणि पुढच्या नोकरीत पहिला प्रश्न नेमका तोच येतो. म्हणून असं विचारा : “सर, नवीन माणसाला सुरुवातीला वेट केमिस्ट्रीला (टायट्रेशनसारख्या हाताने करायच्या चाचण्यांना) घेता की सॅम्पलिंगला? आणि इन्स्ट्रुमेंटवर साधारण कधी येता येतं?” गेल्या वर्षी परळीकडच्या एका मुलीने मला विचारलं होतं, “मॅडम, एचपीएलसीवर बसायच्या आधी कोणतं ट्रेनिंग आणि क्वालिफिकेशन पूर्ण करावं लागतं?” लॅबमध्ये ट्रेनिंगची नोंद कागदावर झाल्याशिवाय हात चालवता येत नाही, हे तिला माहीत होतं. बाकीची उत्तरं बेताची होती, तरी तिला घेतलं.

आयटीआय-डिप्लोमावाल्यांनी मशीनबद्दल विचारावं. सीएनसीवर नुसतं लोडिंग-अनलोडिंग करायचं की सेटिंगही शिकवणार? यात पुढच्या पाच वर्षांचा फरक आहे. अकाउंट्सवाल्यांनी टॅली आहे की एसएपी, आणि जीएसटीचं काम आत होतं की बाहेरच्या सीएकडे जातं, ते विचारावं.

“ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलंय?” हाही चांगला प्रश्न आहे. फक्त सहज विचारा, चौकशी समिती बसवल्यासारखा नाही. उत्तर देण्याआधी साहेब शेजारच्याकडे बघतात की सरळ तुमच्याकडे, तेवढं टिपून ठेवा.

४. एचआरला : नाव, पैसा, वेळ

इथे थोडं थांबते, कारण फसगत होते ती इथेच.

*कोणाच्या पेरोलवर?* पहिला प्रश्न हाच. उत्तरं साधारण चार प्रकारची येतात : कंपनीचा पेरोल, ठेकेदाराचा, ठरावीक मुदतीचा करार, किंवा अप्रेंटिस-ट्रेनी. ‘ट्रेनी’ म्हणाले की लगेच पुढचं विचारा : “म्हणजे अप्रेंटिसशिप कायद्याखाली, की कंपनीचे ट्रेनी?” कायद्याखालच्या अप्रेंटिसला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. त्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापला जात नाही, पण करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. म्हणून “करार पोर्टलवर नोंदवता का?” असं विचारा. नोंद नाही, प्रमाणपत्र नाही, पीएफही नाही, आणि तरी ट्रेनी, असं असेल तर ते फुकटचं मनुष्यबळ आहे.

ठेकेदाराकडून असेल तर ‘ब्रेक’बद्दल विचारा. वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते. ते भरू नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी माणसाला घरी बसवायची रीत एमआयडीसीत जुनी आहे. “सर, मध्ये ब्रेक असतो का?” एवढंच म्हणा. त्यांना कळतं की तुम्हाला कळतंय.

*प्रोबेशन किती, आणि कन्फर्मेशनचं पत्र मिळतं का?* दुसरा अर्धा भाग विसरू नका. सहा महिन्यांचं प्रोबेशन ‘सध्या चालू द्या’ म्हणत दोन वर्षं चाललेलं मी पाहिलंय.

*हातात किती?* ‘पॅकेज’ ऐकून गावाकडे फोन लावू नका. आधी ही आकडेमोड बघा. बेसिक ११,००० आणि भत्ते ६,५००, म्हणजे ग्रॉस १७,५००. त्यात कंपनी स्वतःचा पीएफ (बेसिकच्या १२ टक्के) १,३२०, ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ५६९ आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) ५२९ मिळवते. झाले १९,९१८. तुम्हाला सांगताना ‘वीस हजाराचं पॅकेज’. आता तुमच्या बाजूने वजा करा : पीएफ १,३२०, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १३२. उरले १६,०४८. पुरुषांना व्यवसाय कराचे आणखी २०० जातात, फेब्रुवारीत ३००. बायकांना महिन्याला २५,००० पर्यंत हा कर नाही. त्यानंतर बस आणि कँटीनची कपात. म्हणजे ‘वीस’चे पंधरा-साडेपंधरा.

कंपनी यात फसवत नाही. पीएफ तुमचाच आहे आणि ईएसआयने दवाखाना होतो (त्याची मर्यादा महिना २१,००० पर्यंतच्या पगाराची). पण खोलीचं भाडं पंधरातून द्यायचंय, वीसातून नाही. म्हणून असं विचारा : “मॅडम, सगळी कपात होऊन महिन्याला हातात साधारण किती येतील?” आकडा सांगायचं टाळलं तर “एक नमुना पगारपत्रक दाखवाल का?” असं म्हणा. आणि “पीएफ आणि ईएसआय पहिल्या महिन्यापासून ना?” हेही. ‘तीन महिन्यांनी सुरू करतो’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. असं थांबायची गरज नसते.

*शिफ्ट, ओव्हरटाइम, सुट्टी.* शिफ्ट किती आठवड्यांनी बदलते, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते (रविवारीच असेल असं धरून चालू नका), ओव्हरटाइमचे पैसे मिळतात की बदली सुट्टी? कारखान्यात ओव्हरटाइमचा दर दुप्पट असायला हवा. तुम्ही कायदा ऐकवू नका. “ओव्हरटाइम कोणत्या दराने निघतो?” म्हणा आणि ऐका.

*बस.* मुलींनो, हा प्रश्न विचारायला लाजू नका. “सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस घराजवळ सोडते की चौकात?” मी रात्री पावणेबाराला पंढरपूरच्या चौकात उतरून (सोलापूर जिल्ह्यातलं नव्हे, हे वाळूजच्या रस्त्यावरचं धाकटं पंढरपूर) मोबाइलचा टॉर्च लावून खोलीपर्यंत पळत गेलेय. एचआरने मुलाखतीत ‘बस आहे’ असंच सांगितलं होतं, आणि बस खरंच होती. रात्रपाळीला बायकांना घ्यायचं तर त्यांची संमती आणि वाहतूक-सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे हा प्रश्न नखरा नाही.

*बाँड आणि मूळ कागद.* “काही बाँड किंवा अनामत आहे का?” असं विचारा. मूळ गुणपत्रिका दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत घेऊनच उठायचं. ‘जॉइनिंगपर्यंत आमच्याकडे राहू द्या’ म्हणणाऱ्याकडे काहीही राहू देऊ नका. गणवेशासाठी, मेडिकलसाठी, ‘प्रोसेसिंग’साठी रोख पैसे मागणारी कन्सल्टन्सी भेटली तर तिथूनच परत फिरा. चांगली कंपनी नोकरी द्यायचे पैसे घेत नाही.

*नेमणूकपत्र.* २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय. ठरावीक मुदतीच्या कराराने घेतलेल्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय, पूर्वी पाच वर्षं भरावी लागायची. म्हणून “नेमणूकपत्र जॉइनिंगच्या दिवशी मिळेल ना?” हा प्रश्न आता बिनधास्त विचारायचा.

५. गेटबाहेर : चहाची टपरी

मुलाखतीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शक्यतो आदल्या रात्री नातेवाइकाकडे मुक्काम करावा. बीडकडून येणारी गाडी रस्त्यात कुठे अडेल याचा नेम नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून बाबा पेट्रोल पंपापर्यंत आलात की वाळूजच्या शेअर रिक्षा मिळतात.

कंपनीसमोर टपरी असतेच. शिफ्ट सुटायच्या वेळी तिथे चहा घ्या आणि ज्याच्या अंगावर त्या कंपनीचा शर्ट आहे त्याला विचारा, “दादा, पगार कितीला होतो?” रुपये नका विचारू, तारीख विचारा. कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. “कधी सात, कधी पंधरा” असं उत्तर आलं तर आत कितीही गुळगुळीत फरशी असू दे, सावध व्हा. “लोकं टिकतात का इथं?” हा दुसरा प्रश्न. पुढचं माणसं आपणहून सांगतात : कँटीनच्या डाळीपासून सुपरवायझरच्या तोंडापर्यंत. एकाच्या सांगण्यावर जाऊ नका, दोघं-तिघं एकच बोलले तर धरा. रागावून नोकरी सोडलेला एखादा भेटला तर त्याचं निम्मंच घ्या.

खोली बघायचीच असेल तर तिथेच विचारून ठेवा, आणि भाड्याआधी ‘पाणी किती दिवसांआड येतं’ ते विचारा. संभाजीनगरात राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही.

६. कसं विचारायचं

मराठीत विचारलं तर चालतं. मुलाखत इंग्रजीत झाली असेल तर “सर, मराठीत विचारू का?” म्हणा. कोणी नाही म्हणत नाही. तोडकं इंग्रजी जुळवण्याच्या नादात प्रश्नच विसरणाऱ्यांपेक्षा ते बरं. ‘लई’ आणि ‘इचारायचं’ तोंडात आलं तरी आभाळ कोसळत नाही. आमच्या हेडसाहेबांचं अजून येतं.

आत तीन-चार प्रश्न पुरे. त्यांच्या हातात पुढच्या उमेदवाराची फाइल आली असेल तर दोनच. सुरुवात कामाच्या प्रश्नाने करा, पेरोल आणि पगार त्यानंतर. उलट्या क्रमाने विचारलं तर प्रश्न तेच असून माणूस पैशाला चिकटलेला वाटतो. हे न्याय्य नाही, पण तसं आहे. पहिल्याच फेरीत दिवाळीच्या आठ दिवसांच्या रजेचं किंवा चुलतभावाच्या लग्नाचं काढू नका. ते ऑफर हातात आल्यावर बोला.

वही उघडून वाचलं तरी हरकत नाही. “मी लिहून आणलेत, बघून विचारते” असं एकीने म्हटलं तेव्हा पॅनेलवरचे तिघंही सावरून बसले होते.

आणि उत्तर गोल-गोल आलं तर? “ते बघू नंतर”, “सगळ्यांना मिळतं तेच तुला मिळेल”, “तू आधी जॉइन तर हो”. एकदाच, आवाज न चढवता, पुन्हा विचारा : “सर, म्हणजे कंपनीच्या पेरोलवर असं समजू का?” दुसऱ्यांदाही सरळ उत्तर आलं नाही तर ‘नाही’ असं लिहून घ्या आणि पुढे चला. वाद घालायची ती जागा नाही.

७. पिशवीत काय हवं

- दहावी-बारावी, पदवी किंवा आयटीआयच्या मूळ गुणपत्रिका आणि प्रत्येकी दोन झेरॉक्स
- आधार, पॅन, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, चार फोटो
- आधी कुठे काम केलं असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर आणि अनुभवपत्र. यूएएन एकच चालवायचा, नव्या ठिकाणी नवा काढू देऊ नका
- बायोडाटाच्या तीन प्रती. पॅनेलवर तिघं असतात आणि झेरॉक्स मशीन नेमकी तेव्हाच बंद असते
- प्रश्नांची वही आणि चालणारं पेन

८. बाहेर पडल्यावर

एसटीत बसायच्या आधी, टपरीवरच, मिळालेली उत्तरं प्रश्नांसमोर लिहून काढा. बीड येईपर्यंत निम्मी विसरतात आणि घरी पोचेपर्यंत उरलेली गोड होतात. कोण बोललं, कोणत्या हुद्द्याचं, तेही लिहा.

ऑफर लेटर आलं की ही वही शेजारी ठेवून वाचा. वर कोणाचं नाव छापलंय ते आधी, रक्कम त्यानंतर. तोंडी सांगितलेलं आणि छापलेलं जुळत नसेल तर सही करायच्या आधी एचआरला लेखी विचारा, मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर. फोनवर नको, फोनचं काही उरत नाही. मजकूर एवढाच पुरे, नावं आणि आकडे आपले घाला :

“नमस्कार मॅडम. ऑफर लेटर मिळालं, आभारी आहे. मुलाखतीत नेमणूक कंपनीच्या पेरोलवर आणि प्रोबेशन सहा महिन्यांचं असल्याचं सांगितलं होतं. पत्रात एजन्सीचं नाव आणि अकरा महिन्यांचा करार दिसतो आहे. यातलं कोणतं धरावं, कृपया कळवावं. उत्तर आल्यावर सही करून पाठवते.”